कलापुरात एक फेरी

कोल्हापूरला आपण शेतकरी माणसे कशाला जातो? अंबाबाईच्या दर्शनाला जातो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा असतो म्हणून जातो. उद्यमनगरात पंपाचा एखादा भाग लेथवर करून घ्यायचा असतो, लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, नाहीतर घरातले कोणी दवाखान्यात पडलेले असते. काम उरकले की रंकाळ्यावर भेळ खायची, बायकामाणसांनी महाद्वार रोडला साज आणि चपला बघायच्या आणि दिवे लागायच्या आत एसटी धरायची. आपल्याला कोल्हापूर माहीत ते एवढेच.

पण या गावाला जुनी माणसे आणखी एका नावाने ओळखत. ती त्याला कलापूर म्हणत. चित्रकार, गवई, नट, मूर्तिकार आणि सिनेमावाले यांचे हे गाव. मुंबईत सिनेमाचा धंदा अजून बाळसे धरत होता, त्या काळात कोल्हापुरात सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्या माणसांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवून सिनेमा काढला. आजही खेड्यातल्या ज्या पोराच्या वहीत गणितापेक्षा बैलजोडीची चित्रे जास्त असतात, त्याला मास्तर म्हणतात, ‘बाळ, तू कोल्हापूरला जा.’ मग पोरगा जातो. तिथे त्याचे पुढे काय होते, ते बघावे म्हणून यंदा मुद्दाम चार दिवस कोल्हापुरात काढले. देवदर्शन झालेच, पण पाय जास्त चालले ते पेठांतून आणि गल्ल्यांतून.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. कोल्हापूर शहर ओस पडलेले नाही. ऊस आहे, दूध आहे, फौंड्र्या आहेत, रस्त्यावर गाड्यांना जागा पुरत नाही. उतरणीला लागले आहे ते त्या शहराच्या पोटात असलेले कलापूर. भरल्या घरात एखादी खोली पडझडीला यावी आणि घरच्यांनी तिचे दार ओढून घ्यावे, तसे काहीसे झाले आहे.

खरी कॉर्नरला चौकात एक स्तंभ आहे. त्याच्यावर कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे. आपण शंभर वेळा त्याच्या बाजूने गेलो असू, पण वर कोण बघतो? तो स्तंभ बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण आहे. बाबूरावांचे खरे आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. शाळा बेताची, पण हात असा की लाकूड, माती, रंग काहीही समोर ठेवा. ते आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. रंगवलेल्या पडद्यावरचा महाल पाहून माणसे ‘आत पायऱ्या आहेत’ म्हणत, इतका तो हुबेहूब. दोघांनाही सिनेमाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून आपणच करू असे ठरले. आनंदराव १९१६ साली वारले, काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी दामले नावाच्या सोबत्याला हाताशी धरून ते पुरे केले. भांडवल कोणी दिले? सावकाराने नाही, बँकेने नाही. तानीबाई कागलकर नावाच्या गायिकेने पैसे दिले. शाहू महाराजांचा आधार होताच.

१९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या काळात पुरुषच लुगडे नेसून बाईचे काम करीत. या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केले. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली, आणि घरी परतल्यावर त्यांना जातभाईंनी वाळीत टाकले. कलेची किंमत सगळ्यात आधी बायकांनी मोजली, हे आपल्याकडे फार कमी सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. पण त्या दोन बायांना कोणी काय म्हटले असेल, ते आपल्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपल्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल असा याच कंपनीचा चित्रपट म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीत राबायला जातो, एवढीच गोष्ट. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा सोडून कुळवाड्याचे दुःख पडद्यावर आणायचे हे त्या काळात धाडसच होते. अंधारातली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, एवढ्या एका दृश्यातून बाबूरावांनी घर बुडाल्याचे सांगितले. बोलपट नव्हता, शब्द नव्हते, तरी लोकांना कळले. त्यातला तरुण शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा. हेच पुढचे व्ही. शांताराम.

या शांतारामांचे उदाहरण नीट बघण्यासारखे आहे. आधी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम, तिथेच सिनेमाच्या तंबूत दारावर उभे राहण्याचे काम, आणि मग कोल्हापुरात फिल्म कंपनीत. कंपनीत गेले म्हणजे लगेच नट झाले असे नाही. झाडलोट करायची, सामान वाहायचे, रंग कालवायचा, फिल्म धुवायची, आणि गर्दीत माणूस कमी पडला तर मिशा लावून उभे राहायचे. कागलचे शेख फत्तेलाल तसेच, पेणचे विष्णुपंत दामले तसेच. कोणाकडे पदवीचे कागद नव्हते. कंपनी हीच त्यांची शाळा होती.

कोल्हापूरकरांना हे समजावायला एकच शब्द पुरे आहे, तालीम. आजही खासबागेच्या आसपास बघा. खेड्यातला पोरगा पोत्यात चार भांडी घेऊन तालमीत येतो. राहायला जागा मिळते, वस्ताद मिळतो, बरोबरीची पोरे मिळतात. सगळे काही हिंदकेसरी होत नाहीत. शंभरातले नव्वद परत गावी जातात. पण अंग कमावून जातात, आणि तालमीत असताना कोणी त्यांना ‘तू इथे काय करतोस’ असे विचारत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कलेची अशी तालीम होती. पोटाला मिळत होते आणि हाताला वळण लागत होते.

ही तालीम फार वर्षे टिकली नाही. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही घडवलेली मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली याच गावात झाला. पण पुढच्याच साली, १९३३ मध्ये, प्रभात पुण्याला गेली. ‘संत तुकाराम’ आला तो पुण्याहून. बाबूराव मात्र कोल्हापुरातच राहिले. त्यांची कंपनी बंद पडली, शालिनी सिनेटोनमध्ये त्यांनी काही बोलपट केले, ‘सावकारी पाश’ १९३६ साली बोलता करून पुन्हा काढला, आणि शेवटी ते चित्र आणि शिल्प यांच्याकडे परतले. १९५४ साली वारले. ज्यांनी पोरांना उडायला शिकवले त्यांचे स्वतःचे घरटे मात्र रिकामे झाले. याबद्दल शिष्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पिकलेले पाखरू झाडावर राहत नाही.

त्यांच्याही आधीचा एक माणूस या गावात होता, त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला चित्रकार. साहेबी शहरात नाव मिळवता आले असते, पण कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थाच्या काठी राहिला. पहाटेचे पाणी, दुपारचे पाणी, पावसाळ्यातले पाणी अशी तीच ती जागा त्याने पुन्हा पुन्हा रंगवली. शाहू महाराज होते तोवर आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्याने आपली कितीतरी चित्रे त्याच तळ्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. खरे-खोटे तळ्यालाच माहीत. १९३१ साली तोही गेला. कोटितीर्थावर जाऊन उभे राहिले तर आज चारी बाजूंनी घरे आणि रहदारी. तरी सकाळी सातच्या सुमारास पाण्यावर जो उजेड पडतो, तो बघून वाटते की माणसाने याच्यासाठी आयुष्य घालवले असेल तर त्यात वेडेपणा नव्हता.

मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओच्या भिंतीजवळून गेलो. भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत हा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’ हा तयार होत आलेला चित्रपटही त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून काढला आणि १९४९ साली लोकांना दाखवला. पीक गारपिटीने झोपल्यावर त्याच रानात पुन्हा पाभर धरणारी माणसे आपण पाहतो, त्या जातीचा हा माणूस. पुढे ‘छत्रपती शिवाजी’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ हे चित्रपट आले. भालजींना १९९१ साठी दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, १९९४ साली ते गेले. स्टुडिओ पूर्वीच लता मंगेशकरांनी घेतला होता. त्याही पोरवयात, वडील गेल्यावर, मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापूरला राहिल्या होत्या आणि १९४५ साली मुंबईला गेल्या. स्टुडिओतले चित्रण हळूहळू थांबले. २०२२ च्या फेब्रुवारीत ही जागा विकली गेल्याचे लोकांना कळले, तेव्हा गावातले कलावंत आणि तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले. रंकाळ्याच्या बाजूचा शालिनी स्टुडिओ तर त्याच्या आधीच इतिहासजमा झाला होता.

सिनेमा गेला कुठे? रंगीत फिल्म आली, तिची धुलाई मुंबईत. गाणी मुंबईत, वितरकाचा पैसा मुंबईत. चित्रणापुरते कोल्हापूर राहिले, मग तेही राहिले नाही. संस्थान १९४९ साली विलीन झाले तेव्हा राजाश्रय संपला होता. नंतरचा आश्रय तिकीट काढणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा-आमचा. जत्रेतला तंबू आणि तालुक्याचे टॉकीज होते तोवर तो आपण दिला. घरात टीव्ही आला तशी आपणही पाठ फिरवली, हे कबूल करायला हवे.

आता आजच्या पोरांकडे येतो.

महाद्वार रोडच्या एका बोळात फ्लेक्सचे दुकान आहे. आत संगणकापुढे बसलेला तरुण भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातला. पाच वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतलेला. भिंतीवर त्याने काढलेले म्हाताऱ्या आजीचे चित्र टांगले होते, सुरकुती न् सुरकुती बोलत होती. खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स भरभरा निघत होते.

‘ब्रश धरतोस का रे अजून?’ मी विचारले.

‘धरायला येळ कुठला काका,’ तो म्हणाला. ‘आमच्या वस्तादांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले. वीस वीस फुटांचे चेहरे. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं रंग घोटला. मग फ्लेक्स आलं आन् सगळं बसलं. आता तेच वस्ताद आमच्याकडं येत्यात, फ्लेक्सला काठ्या ठोकून द्यायला.’

हे सांगताना तो हसला नाही की रडला नाही. ‘आन् खरं सांगू का, फ्लेक्समधी पोटाला मिळतंय. चित्रात न्हाई.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘घरी मात्र सांगितलंय, आर्टिस्ट म्हणून काम करतोय.’

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो तर आषाढ असल्यामुळे गणपतीची गडबड. साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने उभ्या. एका शेडमध्ये शिल्पकला शिकलेली तीन पोरे कामाला होती. त्यांतला एक फक्त डोळे आखतो. आखणी करणारा कारागीर हा इथला मानाचा माणूस, कारण मूर्ती कितीही सुबक असो, डोळा चुकला की गिऱ्हाईक परत जाते. तो दिवसभर मांडी घालून बसतो आणि एकेका मूर्तीला नजर देतो. मी त्याला म्हटले, ‘तुझ्या हातात एवढी कला आहे, स्वतःचे काही करत नाहीस का?’ तो म्हणाला, ‘करतो की. गणपती गेल्यावर करतो. पर तवर दिवाळी येती, मग ऊसतोड चालू होती, घरी माणूस लागतंय.’ त्याच्या घरी दीड एकर ऊस आहे. म्हणजे वर्षाचे तीन महिने तो कलावंत, उरलेले नऊ महिने शेतकरी. एका परीने बघितले तर तो सगळ्यांत सुखी होता.

राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचे कलासंग्रहालय आहे, ते मात्र जरूर बघा. पडद्यावर शिवाजी महाराज उभे करणारा हा नट मुळात चित्रकार. आपले घर आणि चित्रे त्यांनी सरकारच्या स्वाधीन करून लोकांना मोकळी केली. पावडर शेडिंग हा त्यांचा खास हात. बोटाने आणि कापसाने घासून काढलेले डोंगर, झाडे, ढग. मी गेलो तेव्हा आत पाहणारा मी एकटाच होतो. अंबाबाईला रांग रस्त्यावर आली होती. तिथून इथे रिक्षाने यायला फार वेळ लागत नाही.

मोरेवाडीच्या माळावर शासनाची चित्रनगरी आहे. १९८० च्या दशकात मोठ्या आशेने तिची सुरुवात झाली, पुढे कितीतरी वर्षे तिथे गवत आणि पडक्या भिंती एवढेच होते. गेल्या काही वर्षांत मात्र तिथे पुन्हा हालचाल आहे. मालिकांची चित्रणे होतात. आजूबाजूच्या खेड्यांतले वाडे आणि गल्ल्याही टीव्हीवर दिसू लागल्या. वसगडे गावचा वाडा तर ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे घरोघर ओळखीचा झाला. तेव्हा सगळेच बुडाले असे म्हणणे बरोबर नाही. पण मालिका मुंबईहून येते, लेखक-दिग्दर्शक आणि मुख्य नट घेऊन येते, आणि संपली की निघून जाते. इथल्या पोरांच्या वाट्याला काय? गर्दी.

अशा गर्दीत उभा राहणारा एक जण चहाच्या गाड्यावर भेटला. वय पन्नाशीकडे झुकलेले, केस कलप केलेले, बोलणे अदबीचे. हा बारा वर्षे मुंबईत होता. गोरेगावला सेट रंगवायचा. प्लायवूडवर दगडाची भिंत काढायची, थर्मोकोलचे खांब संगमरवरी करायचे. ‘मामा, माझी भिंत तुम्ही टीव्हीवर बघितली असणार,’ तो म्हणाला, ‘पण ती माझी आहे हे मलाच माहीत.’ मुंबईत खोलीच्या भाड्यासाठी वडिलांनी ओढ्याकाठची दहा गुंठे जमीन काढली. ‘पुढल्या वर्षी सोडवून घेऊ’ असे म्हणत म्हणत ती कायमची गेली. वडील वारले तेव्हा हा एका सेटवर होता, निरोप संध्याकाळी मिळाला. आता गावी दोन म्हशी, सकाळी डेअरीला दूध घालून चित्रनगरीत येतो. बोलावले तर गर्दीत उभा राहतो, नाही बोलावले तर गेटपाशी चहा पिऊन परत.

‘वाईट वाटतं का?’ मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘भिंती रंगवल्याचं न्हाई वाटत. त्या चांगल्याच झाल्या होत्या. ओढ्याकडनं जाताना वाटतं.’

त्या ओढ्याकाठच्या रानात आता दुसऱ्याचा ऊस उभा आहे.

नाटकाचीही गोष्ट सांगायला हवी. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पुरे केलेले पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, खासबाग मैदानाला लागून आहे. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी नांदावे ही महाराजांची दृष्टी. बाबूराव आणि आनंदराव ज्यांचे पडदे रंगवीत, त्या केशवरावांच्याच नावाचे हे घर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावातली म्हातारी नटमंडळी रस्त्यावर उभी राहून लहान पोरासारखी रडली. पण जास्त नुकसान झाले ते तरुणांचे, असे मला वाटते. म्हाताऱ्यांनी त्या रंगमंचावर आपले आयुष्य जगून घेतले होते. खेड्यातून येऊन, दिवसा दुकानात काम करून, रात्री तालमी करणाऱ्या पोरांना राज्य नाट्य स्पर्धेत त्या लाकडी फळ्यांवर एकदा उभे राहायचे होते. एक जण म्हणाला, ‘आमचं नाटक बसलं होतं, जागाच जळाली.’

शेवटच्या दिवशी एका कला महाविद्यालयात गेलो. प्रवेशाचे दिवस होते. ओसरीवर राधानगरीकडचा एक शेतकरी मुलीला घेऊन बसला होता. डोक्याला फेटा, पायात कापशी चप्पल, हातात पिशवी. मुलगी दहावी झालेली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास. पिशवीतून तिने वही काढली. घरची म्हैस, चुलीपुढे आई, पावसात घोंगडी पांघरून भात लावणाऱ्या बाया. शिक्षकांनी एकेक पान सावकाश उलटले. म्हशीच्या चित्रापाशी ते थांबले. म्हैस बसलेली होती, आणि बसताना जनावराचा सगळा भार ज्या बाजूला जातो, तो तिने बरोबर पकडला होता. शिकवून हे येत नाही.

‘सर, खरं सांगा,’ शेतकरी म्हणाला. ‘हिचा मामा म्हंतोय नर्सिंगला घाला, नोकरी लागंल. ही म्हंतीया चित्रच. माझं तर डोस्कं चालंना.’

शिक्षकांनी त्याला फसवले नाही. म्हणाले, ‘आण्णा, नोकरीचं म्हणाल तर शब्द देत नाही. पूर्वी शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायची पोरं. आता भरती वर्षानुवर्षं अडकून पडते. आमच्याकडनं गेलेली कोण फ्लेक्समध्ये आहेत, कोण गणपतीत, कोण मुंबईला गेलीत, दोन-चार चांगली चित्रकार झालीत. काहींनी रंग सोडला. घरी सांगताना हे सगळं सांगा.’

‘मग घालू का नको?’

‘एक सांगतो. जमीन काढून घालू नका. ती गेली तर पोरीच्या डोक्यावर ओझं बसतं, मग हात चालत नाही. म्हशीवर भागत असंल तर घाला. सुट्टीला घरी ऱ्हाऊ दे, कामाला लागू दे. आणि बारावी बाहेरनं करून घ्या, म्हंजे दुसरं दार बंद व्हायचं नाही.’

मुलगी खाली बघत होती. बापाने तिच्याकडे बघितले, वहीकडे बघितले. मग खिशातून दूध संस्थेचे कार्ड आणि पेन्सिल काढली आणि कार्डाच्या पाठीमागे सामानाची यादी लिहायला घेतली. कागद किती, रंग कोणते, ब्रश किती नंबरचे, सर सांगत गेले तसा तो लिहीत गेला, आणि दहा दिवसांच्या बिलातून काय भागेल, काय पुढच्या बिलावर टाकता येईल, त्यावर खुणा करत गेला. ड्रॉइंग बोर्डाची किंमत ऐकून त्याची पेन्सिल थांबली.

‘सर, बोर्ड गावच्या सुताराकडनं करून घेतला तर चालंल का?’

‘चालंल की,’ सर म्हणाले. ‘फक्त लाकूड चांगलं वाळलेलं बघा. न्हाईतर पावसाळ्यात वाकतंय.’